सुनेच्या नावावरची खोली

जेवणं आटोपली की चटई पुसून तिच्यावर खोकी यायची. डोळ्यांत घालायच्या औषधाची खोकी, वर नामांकित परदेशी कंपनीचं नाव. आत काय भरतात, हे विचारायची घरात सोय नव्हती. सासूबाई आणि दोघी सुना मिळून खोकी चिकटवत. सासूबाईंची शिस्त कडक! प्रत्येक खोक्याची कड आत दुमडून अंगठ्यानं दाबायची.

"माल नकली असला म्हणून काम नकली नको," त्या म्हणत.

त्या गल्लीत आणखी एक रीत होती. माल भरायची खोली नव्या सुनेच्या नावावर घ्यायची. धाड पडली तर अटक तिला, पुरुष नामानिराळे. याला वर कौतुकानं म्हणायचं, सुनेला मालकीण केलं! थोरली अशीच मालकीण होऊन वर्षभर तुरुंगात राहून आली होती. दाराची कडी वाजली तरी ती अजून दचकायची. आता खोली धाकटीच्या नावावर होती.

त्या दुपारी धाकटीचा नवरा धापा टाकत आला.

"परदेशी बंदरात माल पकडलाय. तिकडं माणसांचे डोळे गेले म्हणे."

पूर्वी माल हद्दीपलीकडे गेला की घर निर्धास्त व्हायचं. आता दोन्हीकडचे अधिकारी एकत्र शोध घेत होते. तिकडून खोक्यांचे फोटो आले होते. खऱ्या खोक्याची कड सरळ असते, यांची आत दुमडलेली. आता कुणाच्या हाताची कड दुमडते ते बघायला इकडचे अधिकारी गल्लीत घरोघर बायकांना खोकं चिकटवायला लावत होते.

सासऱ्यांनी पटकन ठरवून टाकलं. "खोली धाकटीच्या नावावर आहे, तर तिनंच दुमडायचं, बाकीच्यांनी सरळ चिकटवा. विचारलं तर म्हणायचं, मी एकटीच करते."

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

कडी वाजली. अधिकारी बाईंनी कोरी खोकी चटईवर ठेवली. थोरलीनं कड सरळ चिकटवली. धाकटीनं दुमडली.

"हे तुझं काम?" अधिकारी बाईंनी तिला विचारलं.

पढवलेलं वाक्य धाकटीच्या ओठांपर्यंत आलं, पण त्या आंधळ्या झालेल्या माणसांच्या विचारानं तिला तुरुंगाहूनही जास्त भीती वाटली.

"माझं आहे, पण माझ्या एकटीचं नाही," ती कशीबशी म्हणाली. तिनं एक खोकं सासूबाईंपुढे सरकवलं. "आई, तुम्ही शिकवलंत तसंच करा हो."

सासरे मोठ्यानं खाकरले. सासूबाईंनी खोकं उचललं. भिंतीला चिकटून बसलेल्या थोरलीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग कड आत दुमडून अंगठा दाबला.

"हे हाताचं वळण माझं. आणि धंदा यांचा," सासऱ्यांकडे बोट करून त्या म्हणाल्या. "पोरींना नुसतं पुढं केलं आम्ही. एकीला गिळून झालं, आता दुसरीला नको."

बाहेर गल्लीतल्या खिडक्या भराभर बंद होऊ लागल्या. एकेका खिडकीआड कुणाची तरी धाकटी सून पढवलेलं वाक्य घोकत बसली होती.