पहिला बहार आणि अडलेली फटफटी

मित्रांनो, मी एक जुनी, चार जाड चाकांची फटफटी आहे. वाळूतून, दगडधोंड्यांतून चालावे म्हणून माझी घडण झाली. माझी उमेदीची वर्षे चिखलदऱ्यात गेली. पर्यटकांची मुले माझ्यावर बसत, आनंदाने ओरडत आणि उतरून निघून जात. पुढे चकचकीत गाड्या आल्या आणि मी एका शेडमागे गंजत पडले. तेथून वरूडजवळच्या खेड्यात राहणाऱ्या मनोजने मला आणले, ते त्याच्या वडिलांसाठी, पुंजाजींसाठी.

पुंजाजींच्या अंगावरून वारे गेले होते. त्यांचा उजवा पाय उचलत नव्हता. त्यांची संत्र्याची नवी बाग नाल्यापलीकडच्या चढावर होती. ट्रॅक्टरवर त्यांना चढता येत नव्हते. माझी बैठक मात्र बुटकी.

त्या बागेतली कलमे त्यांनी आजारापूर्वी स्वतःच्या हाताने लावली होती. यंदा ती पहिल्यांदाच फुलणार होती. हिवाळ्यात संत्र्याचे पाणी तोडून झाडांना तहानलेले ठेवतात. त्याला ताण देणे म्हणतात. मग पाणी सोडले की झाड फुलांनी भरते, असे मी ऐकून होते. मला ते खरे वाटत नसे. पण मी पडले यंत्र, मला काय कळणार?

पाणी सोडल्यावर जमीन ओली असते, म्हणून काही आठवडे मला कुणी हात लावला नाही. एका सकाळी मनोज बागेतून धावत आला.

"बाबा, बाग फुटली. पांढरीफट झाली. चला लवकर, आभाळ भरून आलं. गारा पडल्या त सारा फूल खाली येईन."

पुंजाजींनी टोपी घातली. मनोजने चावी फिरवली. स्टार्टर घरघरला, पण इंजिन पेटेना. त्याने पेट्रोल पाहिले, ते होते. बॅटरी ठीक होती. त्याने प्लग काढून पुसला, इंजिनाला टेकवून पाहिला. ठिणगी पडत नव्हती. मला वाटले, आपले आयुष्य संपले, आणि तेही नेमके आजच.

"बसली त बसली, खुडूक कोंबडीवानी," दुर्गाबाई म्हणाल्या.

"तिले काहून बोलतं वं?" पुंजाजी बायकोला म्हणाले. "मी बी त बसलोच हावो."

पश्चिमेला आभाळ काळे होत चालले होते. मनोजने कुंदन मिस्त्रीला फोन लावला.

"ठिणगी नाही? मंग डाव्या मुठीवरचं लाल बटन पाह्य," कुंदन म्हणाला. "ते दाबल्या गेलं असंल त इंजिन बंदच राह्यते."

"लाल? अरे भाऊ, इथं सारंच लाल हाय."

"मंग पूस ना ते."

मनोजची बायको संध्या पुढे आली. "पाणी सोडलं त्या दिवशी पूजा केली ना आपण. मोटरीची, फवाऱ्याची, इची बी. म्याच कुंकू लावलं. जरा दाबूनच लावलं वाटते."

तिने पदराने मूठ पुसली. कुंकवाखालून बटण निघाले. तिने ते वर ओढले आणि मी पहिल्याच झटक्यात जागी झाले. मनोज पुढे बसला. संध्याने पुंजाजींना जुन्या लुगड्याने त्याच्या पाठीशी बांधले. मी नाल्यातल्या गोट्यांवरून जपून गेले आणि चढ चढले.

पुढचे मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. पाने दिसतच नव्हती. प्रत्येक फांदी पांढरी होती. वास इतका दाट की माझा धूर मलाच लाजिरवाणा वाटला.

"बंद कर तिले," पुंजाजी म्हणाले.

"बाबा, मंग चालू नाही झाली त?"

"कर म्हनलं ना."

मी थांबले. तेव्हा ऐकू आले, सगळी बाग गुणगुणत होती. हजारो मधमाश्या, आणि एकीनेही आमची दखल घेतली नाही. पुंजाजींनी एक फांदी ओढून गालाला लावली आणि डोळे मिटले.

मित्रांनो, आम्ही यंत्रे बोलू शकत नाही. एखादी अडली तर तिला लाथ मारू नका. जवळ बसा, एकेक गोष्ट तपासा. तिच्यावाचून कुणाचे तरी कुठे तरी जाणे अडलेले असते.

पहिली गार माझ्या टाकीवर वाजली.

"चला बाबा," मनोज म्हणाला.

"थांब," डोळे न उघडता पुंजाजी म्हणाले, "अजून पाहून राहिलो."