नारायणपेठी खोळ

मित्रांनो, अमेरिकेतल्या बेलव्ह्यू गावी एका घराच्या गॅरेजमध्ये दोन खुंट्यांवर आडवा पडलेला जुना स्नोबोर्ड म्हणजे मी. माझ्या एका बाजूला टायरांची चळत आहे आणि दुसऱ्या बाजूला बासमती तांदळाची पोती. माझे वय तसे फार नाही, पण शर्यतीच्या बोर्डाचे आयुष्य कुत्र्यामांजरांपेक्षाही लहान असते. आता माझ्यावर कोणी उभे राहत नाही. तुम्हाला वेळ असेल तर माझी हकिगत सांगतो. ती आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लाकडाच्या हलक्या पट्ट्या चिकटवून माझा गाभा तयार केला. त्याच्या वर-खाली काचतंतूंचे आणि धातूच्या पातळ पत्र्याचे थर दिले आणि गरम दाबयंत्रात सगळे एकजीव केले. दोन्ही बाजूंना पोलादी कडा बसवल्या. वळताना बर्फ कापतात त्या कडा. घसरतो तो मात्र तळ. तळ प्लास्टिकची भुकटी दाबून केलेला असतो. तो हाताला गुळगुळीत लागतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यात असंख्य छिद्रे दिसतात. इस्त्रीने वितळवलेले मेण त्या छिद्रांत शिरते, म्हणून बोर्ड वेगाने जातो. तळाला जे लागेल ते तो पिऊन घेतो. चांगले कोणते आणि वाईट कोणते, हे त्याला कळत नाही.

मला स्वानंदीने निवडले. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. स्नोबोर्डच्या स्पर्धा अनेक तऱ्हेच्या असतात. बर्फाच्या अर्ध्या नळीसारख्या खोबणीत वर-खाली उडायचे, ती हाफपाइप. उंच उतारावरून हवेत झेप घेऊन गिरक्या घ्यायच्या, ते बिग एअर. चौघांनी एकमेकांना ढुशा देत उतरायचे, तो क्रॉस. माझी स्पर्धा यांपेक्षा वेगळी. शेजारी शेजारी दोन मार्ग, एकावर वळसे घालायची लाल फाटके, एकावर निळी, आणि दोन खेळाडू एकाच वेळी सुटतात. हरणारा घरी जातो, जिंकणारा पुढच्या फेरीत. हिला समांतर शर्यत म्हणतात. हिवाळाभर हा सगळा तांडा एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जातो. हाफपाइपजवळ गाणी वाजतात आणि गर्दी लोटते. आमच्या उतारापाशी मात्र कॉफीचे कप हातात धरून चार-दोन आईबाप उभे असतात.

स्वानंदीची आई शैलजाबाई आणि वडील श्रीरंगराव, दोघेही नागपूरहून आलेले आणि दोघेही सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरीला. त्यांच्या घराच्या तळमजल्यावर शार्दूल नावाचा मुलगा भाड्याने राहत असे. तो साताऱ्याचा, इथल्या विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करत होता. एकदा कुतूहलाने त्याने मला मेण कसे लावतात ते पाहिले आणि दुसऱ्या आठवड्यात थर्मामीटर घेऊन हजर झाला. तेव्हापासून माझे मेण त्याच्याकडे आले. तो बर्फाचे तापमान मोजायचा, हवेतला दमटपणा मोजायचा, आणि मग कोणते मेण लावायचे ते ठरवायचा. मला इतक्या बारकाईने कोणीही पाहिलेले नाही.

रविवारी गॅरेजमध्ये इस्त्री तापली की शैलजाबाई चहा घेऊन येत.

"स्वानंदी, लग्नाला जाताना ड्रेसला इस्त्री कर म्हटलं तर तुला वेळ नसतो. आणि ह्या फळीला आठवड्यातून दोनदा!"

"आई, ड्रेसवर उभं राहून मी डोंगर उतरत नाही."

"काकू, जरा बाजूला," शार्दूल म्हणायचा. "एकशे वीस डिग्रीच्या वर गेलं की तळ जळतो."

"आमच्या तव्याला नाही बाबा डिग्री. तरी पोळ्या होतात."

"होतात ना. पण कधी कधी कडक होतात."

"उद्यापासून फोडणीचा भातच खा तू!"

हे माझे सुखाचे दिवस होते. नेमके याच दिवसांत माझ्या कडांवर गंज दिसू लागला. शर्यतीनंतर ओल्या कडा पिशवीत तशाच राहत. शैलजाबाईंना ते बघवले नाही. त्यांनी एक नारायणपेठी साडी कापून माझ्यासाठी खोळ शिवली. बाहेरून साडी, आतून छत्रीचे कापड. तेवढ्याने त्यांचे समाधान होईना. गॅरेजच्या फळीवर पाणी न लागू देणाऱ्या स्प्रेचा एक जुना डबा पडला होता, बूट आणि तंबू यांसाठी आणलेला. त्यांनी खोळ उलटी करून आतून दोनदा स्प्रे मारला आणि वर पाण्याचे थेंब टाकून पाहिले. थेंब मोत्यांसारखे घरंगळले. त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

मित्रांनो, त्या डब्यात फ्लोरिनची संयुगे होती. पूर्वी ती शर्यतीच्या मेणातही असत, कारण त्यांच्याइतका वेग दुसरे काही देत नाही. पण ती माती-पाण्यात नष्ट होत नाहीत, माणसांच्या रक्तातही उतरतात. म्हणून आता स्पर्धेत त्यांच्यावर बंदी आहे. तळावर ती सापडली तर खेळाडू बाद होतो. शार्दूलला हे माहीत होते. त्याने इस्त्री, ब्रश, फडकी सगळे नवे आणले होते, पण खोळीला मारलेल्या स्प्रेची त्याला कल्पना नव्हती. शैलजाबाईंना यातले काहीच ठाऊक नव्हते. आणि मला जे ठाऊक होते ते सांगायला तोंड नव्हते.

तो हिवाळा स्वानंदीसाठी शेवटची संधी होता. तिने कॉलेजमधून वर्षभर सुट्टी घेतली होती. श्रीरंगरावांशी तिचा करार झाला होता: राष्ट्रीय संघात जागा मिळाली तर खेळायचे, नाही तर बोर्ड ठेवून अभ्यासाला लागायचे. संघात मुलींची एकच जागा उरली होती आणि ती कोलोरॅडोच्या शर्यतीवर ठरणार होती. तिथे जी अमेरिकन मुलगी सर्वांत पुढे येईल ती युरोपला जाणार.

आदल्या दिवशी तिथल्या मुक्कामी शार्दूलने मला मेण लावले, घासले, उजेडात तिरके धरून पाहिले आणि म्हणाला, "आता ह्याला कोणी हातसुद्धा लावायचा नाही." तेवढ्यात स्वानंदीचा फोन वाजला. पलीकडे शैलजाबाई होत्या; बरोबर यायला त्यांना रजा मिळाली नव्हती.

"खोळ घातलीस का?"

"घालते गं."

"घालते नाही. घाल आणि फोटो पाठव."

खोळ घातली गेली, फोटो गेला. सकाळी मला व्हॅनमध्ये हीटरच्या झोतापाशी उभे केले. खोळ आतून उबदार झाली. माझा तळ त्या कापडाला घासत होता आणि वळणावळणाच्या रस्त्यावर हळूहळू पीत होता. मी काय करू शकत होतो?

स्वानंदी त्या दिवशी जशी उतरली तशी कधीच उतरली नव्हती. पहिली फेरी, दुसरी फेरी, मग उपांत्य फेरीत एका जपानी मुलीकडून केसभर हार, आणि तिसऱ्या जागेच्या लढतीत विजय. एकूण तिसरी, अमेरिकन मुलींत पहिली. शार्दूल कुंपणावरून उडी मारून आला आणि पालथा पडला.

"ऊठ यार, मेडल मला मिळालंय," ती हसत रडत होती.

मग मला तपासणीच्या तंबूत नेले. एका माणसाने हातातले यंत्र माझ्या तळावर तीन ठिकाणी टेकवले. तिन्ही वेळा लाल दिवा लागला. त्याने यंत्र पुसून पुन्हा टेकवले. पुन्हा लाल. "सॉरी," तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच वाईट वाटले असावे, कारण त्याने स्वानंदीकडे पाहिले नाही. संघातली जागा पाचव्या क्रमांकावर आलेल्या अमेरिकन मुलीला मिळाली.

बेलव्ह्यूला परतल्यावर श्रीरंगरावांनी गॅरेजमध्येच शार्दूलला विचारले, "खरं सांग. जुनं वॅक्स वापरलंस?"

"नाही काका."

"मग आकाशातून पडलं का ते?"

शैलजाबाई दारात उभ्या होत्या. "माझ्या हातचं खाल्लंस रे तू," एवढेच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. महिनाअखेरीला शार्दूलने खोली सोडली. स्वानंदीच्या स्नोबोर्ड क्लबनेही त्याला मेणाच्या खोलीत यायला बंदी केली.

पण तो शास्त्राचा विद्यार्थी होता. त्याला स्वतःचाच संशय येत होता आणि तो त्याला झोपू देत नव्हता. एके दुपारी घरात कोणी मोठे नसताना तो आला. स्वानंदीने गॅरेजचे दार उघडले. मला स्पर्श केलेल्या प्रत्येक गोष्टीचा त्याने नमुना घेतला: इस्त्रीवरचे मेण, ब्रशचे केस, फडक्याचा धागा. शेवटी, केवळ यादी पूर्ण व्हावी म्हणून, खोळीच्या आतल्या कापडाचा कोपरा. पुढच्या आठवड्यात तो तपासणीच्या निकालाचा कागद घेऊन परत आला.

"खोळ," तो म्हणाला. "बाकी सगळं क्लीन आहे. फक्त खोळ."

स्वानंदी टायरांवर बसली. मग म्हणाली, "आईला नको सांगूस."

"म्हणजे?"

"ती मरेल रे. तिने साडी कापली होती माझ्यासाठी."

"आणि मी? मी काय म्हणून फिरू? प्रत्येक घरी, प्रत्येक पूजेला लोक माझ्याकडे बघतात. क्लबला तरी सांगू दे!"

"क्लबला सांगितलंस की आईला कळेलच. प्लीज, शार्दूल."

"जागा परत मिळणार आहे का सांगून?" असे त्याने विचारले, पण ते तिला नव्हते, स्वतःला होते. त्याने हातातला कागद चुरगळून खिशात घातला. निरोप न घेता तो गेला. नंतर ऐकले की त्याने दूर मॉरिसव्हिल गावी नोकरी धरली. जाताना त्याच्या डोळ्यांत मला त्याग वगैरे काही दिसला नाही. तो फक्त थकला होता.

स्वानंदी कॉलेजला गेली. उन्हाळ्यात मराठी मंडळाच्या कार्यक्रमाहून परतताना गाडीतून उतरता उतरता शैलजाबाई म्हणत, "त्या मुलाने वाट्टोळं केलं बघ तुझं." स्वानंदी डिकीतल्या पिशव्या काढत राही.

मग शरद ऋतूत शेजारची बारा वर्षांची उत्तरा क्लबात दाखल झाली. सुट्टीवर आलेल्या स्वानंदीला शैलजाबाईंनी उत्साहाने एक नवी खोळ दाखवली. मोरपंखी साडीची.

"उत्तरासाठी. तुझ्यासारखीच चिवट आहे पोरगी. आतून स्प्रेसुद्धा मारलाय."

मी खुंटीवरून पाहत होतो. आता बोल, असे मी लाकडाच्या प्रत्येक धाग्यातून म्हणत होतो. एकच वाक्य होते.

"दे, मी नेऊन देते," स्वानंदी म्हणाली.

तिने ती खोळ कचऱ्याच्या डब्यात खाली दाबली आणि वर पुठ्ठे टाकले. कचऱ्याच्या गाडीच्या दिवशी डबा रस्त्याकडे ढकलताना तो कलंडला. शैलजाबाईंनी बाहेर पडलेली खोळ उचलली. तिच्यावर कॉफीचा चोथा लागला होता. त्या झटकत राहिल्या.

"एवढी लाज वाटते आईच्या हातच्या कामाची?"

"तसं नाही, आई."

"मग कसं?"

स्वानंदीने तोंड उघडले. मग ते मिटून ती आत गेली.

शैलजाबाईंनी शिलाई मशीन कुणालातरी देऊन टाकले. मायलेकी आता कामापुरत्या बोलतात. एकीला वाटते, आपण आईला वाचवले. दुसरीला वाटते, आपण मुलीला नकोसे झालो. शार्दूलचे नाव या घरात कोणी काढत नाही.

मित्रांनो, माझ्या कडांवर पुन्हा गंज चढला आहे, त्याचे मला काही वाटत नाही. तुमच्या वस्तूंची काळजी घ्या, एवढे सांगायला मी बोललो नाही. आपल्या माणसाच्या हातून मायेने चूक झाली, तर ती त्याला जवळ बसवून सांगा. तो रडेल. रडू द्या. मला तोंड असते तर शैलजाबाई दारात उभ्या होत्या त्या दिवशीच मी बोललो असतो. तुम्हाला तोंड आहे.