एकशे पासष्टचा ट्रे

वडखळच्या नाक्यावर, अलिबागचा रस्ता गोवा हायवेपासून फुटतो तिथं, हरेशची ऑम्लेट-पावची गाडी आहे. उधाण क्रीडा मंडळाचं खरं ऑफिस तेच. मंडळाला तशी गावात खोली आहे, खोलीत कपाट आहे, कपाटात ढाली आहेत. पण डाव्या कोपऱ्यात कोणाला उभं करायचं, कोणाचा गुडघा दुखतोय, रोह्याच्या स्पर्धेला टेम्पो कोणाचा न्यायचा, हे सगळं ठरतं ते तव्यासमोर. हरेश स्वतः कधी कबड्डी खेळला नाही. देहच असा की मध्यरेषा ओलांडेपर्यंत तीस सेकंद संपावीत. आवाज मात्र खणखणीत, त्यामुळे सामन्यात माइक त्याच्या हातून कोणी घेत नसे.

संघ चालायचा तो शांतीकाकीवर. शांतीकाकीचं अंडी-चिकनचं दुकान नाक्यापासून हाकेच्या अंतरावर. सहा वर्षं झाली, बारा खेळाडूंना रोजची चार-चार अंडी तिच्याकडून फुकट. जर्सी तिच्या, बूट तिचे, प्रवासखर्च तिचा. कोणी हार घालायला गेलं तर म्हणायची, हार मला कशाला, चढाई चांगली करा. काकीचं माहेर पेणजवळच्या जोह्याचं. शाळेत असताना ती तालुक्याकडून खेळलेली, आणि तिच्या चढाईची आठवण काढणारी माणसं पेणला अजून भेटतात. एवढं देऊन कधी मिरवली नाही, हे तर खरंच कौतुकाचं. मिरवायचं काम हरेश करायचा, माइकवरून.

म्हणून गावात एक रीत पडली होती. अंडं घ्यायचं ते काकीकडूनच. ठराव कोणी केला नव्हता, पण पेणच्या बाजारातून अंडी आणताना कोणी दिसला की चार दिवस त्याची चेष्टा चाले. तुझ्या कोंबडीला कुठली जर्सी, असं विचारायचे. काकीचा भाव दोन पैशांनी चढा असला तरी ते दोन पैसे आपल्याच पोरांच्या पोटात जातात, हा हिशेब शेंबड्या पोरालाही पाठ होता.

दिवाळीनंतर पनवेलकडचा धनेश शेठ आला आणि त्यानं काकीच्या समोरच मोठं दुकान टाकलं. काचेचा दरवाजा, पिवळे प्लास्टिकचे ट्रे आणि बाहेर बोर्ड: तीस अंड्यांचा ट्रे, एकशे पासष्ट. काकीकडे एकशे नव्वद. हरेशला रोज आठ ट्रे लागायचे. म्हणजे दिवसाला दोनशे रुपयांचा फरक, आणि तोही अशा दिवसांत, जेव्हा गॅसची बाटली महागली, पाववाल्यानं लादीमागं भाव वाढवला आणि मिरची तर हातच लावू देईना. त्यानं ऑम्लेट-पावचा भाव पाच रुपयांनी वाढवून पाहिला. तर रोज संघनिष्ठेवर बोलणारी हीच मंडळी, 'हरेश, लुटतोस काय रे,' म्हणून दोन दिवस नुसता चहा पिऊन गेली. वाढवलेले पाच रुपये त्यानं मुकाट्यानं परत उतरवले.

आठवडाभर त्यानं कळ काढली. मग एका पहाटे सहाला, गावातलं कोणी उठायच्या आत, तो बाहेरगावच्या टपरीवाल्यांच्या रांगेत उभा राहून धनेश शेठकडून पाच ट्रे घेऊन आला. काकीचे फक्त तीन. आणि पकडले जाऊ नये म्हणून गाडीमागं उकिडवं बसून त्यानं दीडशे अंडी एक-एक करून काकीच्या जुन्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये उतरवली. पिवळे ट्रे गोणत्याखाली दडपले. माणूस इतके कष्ट प्रामाणिकपणासाठी घेत नाही. तेव्हापासून पंधरा दिवस हा उद्योग रोज चालला होता, आणि रोज त्याला स्वतःची लाज वाटत होती.

त्या संध्याकाळी दत्तात्रेय आणि मितेश बाकावर होते. दत्तात्रेय धरमतरच्या जेटीवर बार्जचा माल उतरवून घेत म्हातारा झालेला, त्यामुळे व्यापारातलं आपल्याला सगळं कळतं असं त्याचं म्हणणं. मितेश रोह्याजवळच्या एका कंपनीत शिफ्टला. दोघांनी उधाणचा एकही सामना चुकवलेला नव्हता.

"आज घाऊक रेट किती हाय माहीत हाय?" दत्तात्रेयनं विचारलं. "एकशे ऐंशी. मोबाइलवर येतो सकाळी. मग हा शेठ एकशे पासष्टला कसा देतो?"

"तोट्यात," मितेश म्हणाला.

"व्हय. बोनस सोडतोय तो. आपला कॉर्नर करतो ना, तसा. चढाईवाल्याला म्हणतो, घे बोनस, घे अजून एक. तो लालचावून आत आला की घोटा धरायचा. काकीचं दुकान बसलं की बघ, दोनशेदहाचा बोर्ड लागतो का नाय."

"आणि काकी पण येड्यासारखी करतेय," मितेश म्हणाला. "आठ दिवस झाले, डझनाला चौदा अंडी देते गावात. माझी आई खूश. पण अशानं टिकंल का? रोह्याची स्पर्धा आली बारा दिवसांवर. यंदा मॅटवर हाय, नवीन बूट लागणार. काकी बसली तर आपण रोह्याला जातोय कशाला, घरी बसून मोबाइलवर बघू."

"फुटीर गिऱ्हाईकांनी वाट लावली," दत्तात्रेय म्हणाला. "पाच-पंचवीस रुपयांसाठी स्वतःच्या संघाचे पाय कापतात."

"सगळे नाय हां. आपला हरेश बघा. आठ ट्रे रोजचे, एक बाहेरचा नाय. असा एक माणूस असला तरी संघ उभा ऱ्हातो."

हरेशच्या हातातलं अंडं तव्याच्या कडेवरच फुटलं. त्यानं ते पुसलं आणि दुसरं घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. संघ रोह्याला गेला नाही तर त्यात आपल्या पाच ट्रेंचा हात असणार, आणि आपण मात्र माइक धरून उभे राहणार, हा विचार त्याच्या डोक्यातून जाईना. जिच्या जिवावर आपण मिरवलो तिच्याच पोटावर आपण पाय दिला, असं त्याला वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी झाकून तो काकीकडे गेला. सगळं सांगून टाकायचं, रागावली तर रागावू दे, माइक काढून घेतला तर तोही देऊन टाकायचा, अशी मनाची तयारी करून गेला. पुढं कोणी नव्हतं. आतून नमिताचा, काकीच्या सुनेचा, आवाज आला म्हणून तो पडदा सारून मागच्या खोलीत गेला.

तिथं छतापर्यंत पिवळे प्लास्टिकचे ट्रे लागले होते. आणि नमिता जमिनीवर बसून त्यांतली अंडी काढून पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये भरत होती. हरेशपेक्षा कितीतरी सराईतपणे.

हरेशला आधी वाटलं, आपल्या पापाचंच हे कोणी नाटक मांडलंय.

"ये," काकी स्टुलावरून म्हणाली. ती मोबाइलवर कोणाशी बोलत होती, तो बाजूला ठेवला. "बस. बघतोस काय?"

"काकी, ही... शेठची?"

"त्याचीच. साठ ट्रे आजचे. रेट एकशे ऐंशी, आणि हा दारात एकशे पासष्टला देतोय. मग मी घाऊक मालाची गाडी कशाला मागवू? अलिबागच्या बाजूची हॉटेलं एकशे पंच्याऐंशीला घेतात. आजवर त्यात ट्रेमागं पाच सुटायचे, आता वीस सुटतात. त्यातनं गावाला डझनाला चौदा देते. बूट आले, टेम्पोला सांगितलं, नवीन जर्सी पण होईल."

हरेशला हे सगळं उमजायला जरा वेळ लागला. शेठ काकीला संपवायला तोटा खात होता, आणि तो तोटा सरळ उधाण क्रीडा मंडळाच्या पायात बूट होऊन चालला होता. दत्तात्रेय बोनसचं बोलला ते बरोबरच होतं. फक्त म्हातारा हे विसरला होता की समोर चढाईला कोण उभी आहे. काकी रोज पहाटे बोनस घेत होती आणि कोपऱ्याकडे ढुंकून न बघता परत येत होती. हरेशनं आयुष्यात पुष्कळ चढाया पाहिल्या, माइकवरून पुष्कळांची तारीफ केली, पण अशी चढाई त्यानं पाहिली नव्हती. त्याला काकीच्या पायाच पडावंसं वाटलं.

"पण शेठला कळलं तर?"

"कळंलच. मग भाव वाढवील. एकशे ऐंशीच्या वर गेला की माझ्याच बरोबरीला येईल, मग बघू कोण चांगला धंदा करतो ते. चोरी नाय केली बाबा. बोर्ड त्यानं लावलाय, पैसे आम्ही रोख देतो. आपली पोरं आणतात, बारा जण, पाच-पाच ट्रे, मागच्या दारानं. शेठला कबड्डीतलं काय कळत नाय, तो पोरांना ओळखत पण नाय."

आता हसून घरी जाता आलं असतं. पण हरेश ज्यासाठी आला होता ते तसंच राहिलं होतं. त्यानं खाली मान घातली.

"काकी, मी पण घेतो त्याच्याकडून. पंधरा दिवस झाले. पाच ट्रे. तुझ्या ट्रेमध्ये भरून ठेवतो, कोणाला दिसू नये म्हणून."

नमिताचा हात थांबला. काकीनं मात्र चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"आठचे तीन झाले तेव्हाच कळलं मला," ती म्हणाली. "मी म्हटलं, येईल, बोलेल, काकी परवडत नाय म्हणेल. एकशे सत्तरला दिले असते रे तुला. तू मागायला लाजलास नि चोरासारखा पहाटे फिरलास, ह्याचंच वाईट वाटलं. बाकी काय नाय."

"चुकलो."

"चुकलास. उद्यापासून आठ इथनं घे."

काकीच्या दृष्टीनं विषय संपला होता. तिनं मोबाइल परत हातात घेतला. पण नमिताला कित्येक दिवस कुरकुर करायची होती, ती आता मोकळी झाली.

"बरं झालं भाऊजी तुम्हीच बोललात. तुमच्यापायी रोज अर्धा तास उशीर होतो मला. अलिबागची गाडी खोळंबते."

"माझ्यापायी?"

"मग? पहिल्याच दिवशी ऋत्विकनं तुम्हाला लायनीत बघितलं. तो आईंना सांगायला आला. तर आई म्हणाल्या, कोणाजवळ बोलायचं नाय, आणि हरेश लायनीत असताना तुम्ही पोरांनी जायचं नाय. तुम्हाला बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल. तेव्हापासून सगळी पोरं एसटीच्या स्टॉपमागं उभी ऱ्हातात थंडीत. तुम्ही ट्रे बांधून गेलात की मग पुढं येतात."

"नमिता, पुरे गो," काकी म्हणाली.

हरेश बाहेर पडला. ऋत्विक, संघाचा पहिला चढाईवाला, रोज संध्याकाळी त्याच्या गाडीवर येऊन खात होता. बाकीचीही येत होती. काका, डबल करा, म्हणत होती, आणि पंधरा दिवसांत एकाच्याही चेहऱ्यावर त्याला काही दिसलं नव्हतं.

दुसऱ्या पहाटे सहाला तो गेला, पण शेठच्या दुकानाकडे वळला नाही. सरळ एसटीच्या स्टॉपमागं गेला. बारा जण तिथं होते, कानटोप्या घालून, हात बगलेत धरून. त्याला बघून दोघं-तिघं अंधाराकडे तोंड करून उभे राहिले. ऋत्विकनं तर रस्त्याकडे मान लांब केली.

"अलिबागची एसटी बघतोय काका," तो म्हणाला. "आज लेट हाय बहुतेक."

"ह्या वेळेला एसटी नसते रे," हरेश म्हणाला. "चला, लाइन लागलीय. माझे पाच ट्रे पण आजपासून काकीकडंच उतरवायचे. तुम्ही पुढं व्हा, मी मागं उभा ऱ्हातो."

कोणी जागचं हललं नाही. मग ऋत्विकनं मागं सरकून त्याच्यासाठी आपल्या पुढं जागा केली, आणि तेरा जण रस्ता ओलांडून गेले.