फादरांचा बुटका बाक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे, कोराडीच्या कामगार वसाहतीजवळच्या सिस्टरांच्या शाळेतला. रामाजी सुतारांनी मला लहान मुलींच्या मापाने बुटकं बनवलं; पण माझ्यावर सर्वांत आधी बसले ते सहा फुटी फादर लाझरस. त्यांचे गुडघे हनुवटीला टेकायचे आणि मी कुरकुरायचो.

मजुरांच्या मुलींना शिकवायला फादरांनी तीन तरुणींना घेऊन धर्मभगिनींची नवी संस्था उभी केली. शाळा सुरू होण्याआधी सिस्टरांच्या सरावासाठी ते स्वतःच विद्यार्थी होत. एकदा त्या तिघींतल्या सिस्टर कौशल्यांनी हातच्याची वजाबाकी तीनदा समजावली, तरी ते म्हणाले, "मले नाही समजलं."

"किती वेळा सांगू, फादर?" सिस्टर चिडल्या.

"फादर कोण? मी तं दुसरीतली पोरगी आहो. आता मले रडू येऊन राहिलं."

सिस्टरांना हसू फुटलं. खडू ठेवून त्या त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. तेव्हापासून संस्थेत नियमच झाला: जिला कळत नाही तिला फळ्याजवळ उभं करायचं नाही, आपण तिच्याजवळ जाऊन बसायचं.

पुढे माझ्यावर किती मुली बसल्या, सांगता सोय नाही. शाई सांडली, चिंचा सांडल्या. रोज सकाळी वीजकेंद्राकडून उडून आलेल्या राखेचा थर पुसून मुली मला चकचकीत करत.

फादर गेले. दोन वर्षांपूर्वी शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. मला पॉलिश करून सभागृहात ठेवलं, लाल दोरी बांधली, पाटी लावली: 'फादरांचा बाक. बसू नये.' आधी माझी छाती फुगली. मग जीव कासावीस झाला. लोक हात जोडायचे, पण बसत कोणीच नव्हतं.

गेल्या महिन्यात पाचवीतली वेदिका माझ्याजवळ जमिनीवर बसून रडत होती. अपूर्णांक जमत नव्हते. काठी टेकत सिस्टर कौशल्या आल्या. आता त्या ऐंशीच्या आहेत.

"खाली काहून बसली वं?"

"बसू नये लिहून आहे, सिस्टर."

सिस्टरांनी पाटी उलटी ठेवली. त्यांना दोरीची गाठ सुटेना, तेव्हा वेदिकाने सोडली. "फादरले मी वर जाऊन सांगतो. तू बस," म्हणत त्या तिच्या शेजारी टेकल्या. मी कुरकुरलो, आनंदाने.

आता मी पुन्हा वर्गात आहे. मित्रांनो, मोठ्या माणसांच्या वस्तू जपा, पण वापरून जपा. परवा वेदिकाने कर्कटकाने माझ्या पॉलिशवर आपलं नाव कोरलं. वर्गबाईंना ते अजून दिसलेलं नाही. दिसलं तर तिला रागावू नका म्हणावं, एवढं माझ्यासाठी करा.