लाल बिल्ल्याच्या शेळ्या

"आत्या, मान धरा तिची. घट्ट धरा, आपटून घेतीया."

द्वारकाबाईची काळी शेळी अंगणात आडवी पडून पाय झाडत होती. मान मागं वळून पाठीला लागली होती, दात करकर वाजत होते. जयवंतानं तिच्या पोटावर हात ठेवला. पोट टणक झालं होतं.

"सकाळी उभी व्हती गं," द्वारकाबाई म्हणाली. "काल वढ्याकडचं कवळं गवत आणून घातलं म्या. कशी मन लावून खात व्हती. तू काय तरी दे की."

जयवंतानं पिशवी उघडली आणि तशीच ठेवली. जंताचं औषध होतं, तापाचं होतं, पोटफुगीवर पाजायचं तेल होतं. यातलं काही या दुखण्याला पुरणार नाही, हे तिला कळत होतं.

"डॉक्टर निघाल्यात बारामतीवरनं," ती म्हणाली. "येतीलच इतक्यात."

मोरगावच्या अलीकडं, माळावरच्या त्या वस्तीत जयवंता पशुसखी होती. पंचायत समितीनं शिकवून तयार केलेल्या बायांपैकी एक. शेळ्यांना लस टोचायची, औषध पाजायचं, अडलेली शेळी मोकळी करायची, आणि हाताबाहेरचं असलं तर डॉक्टरला फोन करायचा. तिच्या सासऱ्यांचा मेंढ्यांचा मोठा कळप होता. तो कधीच मोडला. नवरा जोतीराम इंदापूरकडं, लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला होता आणि रविवारी तेवढा घरी यायचा. जयवंताच्या दारात आता शेळ्याच होत्या. तिच्या हाताला गुण आहे असं बाया म्हणायच्या, आणि तिच्या शब्दावर विसंबायच्या.

डॉक्टर ऋषिराजची जीप आली. तरुण, उंच, बोलायला गोड. एका औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात तो काम करायचा. उतरल्या उतरल्या त्यानं बर्फाची पेटी काढली आणि शेळीच्या मानेशी बसला.

"आधी रक्त घेऊ," तो म्हणाला.

"रक्त मागनं घ्या डॉक्टर, आदी सुई द्या तिला," द्वारकाबाई कळवळून म्हणाली.

"देतो, आजी. एवढं घेऊ द्या."

त्यानं दोन नळ्या भरल्या, त्यांवर पेननं काहीतरी लिहिलं, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा फोटो काढला. मग सलाइन लावलं. सलाइन अर्ध्यावरही आलं नाही तोवर शेळीचे पाय ताठ झाले. द्वारकाबाईनं तिची मान मांडीवर घेतली होती, ती तशीच धरून बसली.

जयवंता शेळीकडं नव्हती बघत. ती ऋषिराजकडं बघत होती. त्याच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं होतं, ते खोटं नव्हतं. पण नळ्या पेटीत ठेवताना, एखादी गोष्ट मनासारखी जमून यावी तसा तो हलकेच मान हलवत होता.

शेळी कापून बघायची म्हणून जयवंता आणि ऋषिराज ती वस्तीमागच्या बाभळींकडं घेऊन गेले; द्वारकाबाई अंगणातच राहिली. ऋषिराजनं आतडं उघडलं, मूत्रपिंड हातात घेतलं. ते लगद्यासारखं मऊ झालं होतं.

"आंत्रविषार," तो म्हणाला. "कोवळं गवत खाल्लं की होतो."

"पर लस टोचली व्हती की! त्याचीच टोचली व्हती ना तुमी?" जयवंता म्हणाली.

तो हातमोजे काढत म्हणाला, "मावशी, तुमच्यापासून काय लपवायचं. चाचणीत निम्म्या जनावरांना लस देतात आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचतात. नाहीतर लस चालते की नाही, कसं कळणार? जगात सगळीकडं असंच करतात."

"पाणी कुणाला टोचलं?"

"पिवळे बिल्ले."

जयवंता खाली बसली. उन्हाळ्यातली ती सभा तिला आठवली. देवळापुढच्या पारावर ऋषिराज बायांना समजावत होता, नवी लस आहे, एकदा टोचली की झालं. बाया बिचकत होत्या. तेव्हा जयवंतानंच उठून सांगितलं होतं, आगं, आदी माझ्या शेळ्यांना टोचत्यात, मग तुमच्या आणा. बिल्ले दोन रंगांचे का, असं कुणीतरी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, ओळखायला. त्यात खोटं काहीच नव्हतं. आणि पावसाच्या तोंडावर सरकारी दवाखान्याची माणसं याच रोगावरची नेहमीची लस घेऊन आली, तेव्हा त्यांना वस्तीच्या वाटेवरूनच तिनं माघारी लावलं होतं. ऋषिराजनं फोनवर बजावलं होतं, दोन्ही लशी एकत्र चालत नाहीत.

"सरकारी लस तरी मिळाली आस्ती त्यास्नी," ती म्हणाली. "ती बी तुमी माझ्या तोंडानं माघारी लावली."

"ती दिली असती तर फरक कळलाच नसता, मावशी."

मग तिच्या मनात आलं. "माझ्या समद्या शेळ्यांना लाल बिल्लं कसं आलं?"

ऋषिराज ओशाळं हसला. "खरं तर चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असतं. पण तुमच्या घरी मी जेवलोय. तुमच्या हातची शेंगोळी खाल्लीय. तुमच्या शेळ्यांना पाणी टोचायला माझा हात नाही धजला. तुमच्या सगळ्यांना खरी लस दिली. हे मात्र कुठं बोलू नका, माझी नोकरी जाईल."

त्यानं हे देणगी दिल्यासारखं सांगितलं. आता ती आभार मानेल, निदान बरं वाटेल तिला, असं त्याला खरंच वाटत असावं. जयवंतानं त्याच्याकडं बघितलंच नाही.

"बाकीच्या पिवळ्यांना आजच्या आज खरी लस टोचा," ती म्हणाली.

"दिवाळीपर्यंत थांबा. मग सगळ्यांना देणारच आहोत. आत्ता दिली तर सगळा अभ्यास वाया."

"आन तवर मरत्याल त्या?"

"मावशी, यातून पुढं हजारो शेळ्या वाचतील."

"त्या हजारो कुणाच्या हायती ते मला ठावं न्हाय," जयवंता म्हणाली. "ह्या द्वारकाआत्याच्या हायती."

तिथूनच तिनं सरकारी दवाखान्यात फोन लावला. ऋषिराज समोर उभा राहून ऐकत होता. तिनं फोन ठेवल्यावर तो एवढंच म्हणाला, "विश्वासानं सांगितलं होतं तुम्हाला." आणि जीपकडं गेला. त्यानंतर तो वस्तीवर कधी दिसला नाही.

सरकारी डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले, शाळेच्या पटांगणात सगळ्या शेळ्यांना लस टोचून गेले. पण लशीला अंगात भिनायला दिवस लागतात. त्या पंधरवड्यात वस्तीवरच्या चार घरांत शेळ्या गेल्या. द्वारकाबाईची एकच पाट, पहिलटकरीण तरुण शेळी, उरली, तीही गाभण. जयवंताच्या गोठ्यातली एकही शेळी साधी आजारीसुद्धा पडली नाही.

लोक याला नशीब म्हणाले. जयवंता चारा बेतानं घालते, असंही म्हणाले. द्वारकाबाई तर स्वतःलाच कोसत राहिली. आल्यागेल्याला सांगायची, "म्या हावरटावानी गवत आणलं. जयवंतानं सांगितलं व्हतं, वाळला चारा आदी घालत जा. म्या ऐकलं न्हाय. माझ्याच हातानं मारल्या म्या." नवरा गेल्यावर त्या शेळ्यांवर तिनं घर चालवलं होतं. आता ती रिकाम्या दावणीशी बसून राहायची. जेवणावरचं तिचं मन उडालं.

रविवारी जोतीराम आला तेव्हा जयवंतानं त्याला सगळं सांगितलं. 

"हे कुणाकुणाला ठावं हाय?" त्यानं विचारलं.

"मला आन त्याला."

"मग गप बस. तो काय सांगायचा न्हाय. तू सांगितलंस तर लोक म्हणतील, हिला आदीच ठावं व्हतं. तुझं कोण ऐकून घ्यायचं न्हाय, जयवंता."

"आत्या सोताला खात्यात हो."

"चार म्हैने खातील. मग इसरतील."

"त्यानं फशीवलं ते फशीवलं," जयवंता म्हणाली. "पर बायांनी त्याचं ऐकलं न्हवतं. माझं ऐकलं व्हतं. माझं तोंड वापरलं त्यानं, आन वर माझ्यावर उपकार करून ठिवला. त्यो उपकार माझ्या दारात बांधलाय, बें बें करतोय. दूध काढताना हात लावू वाटंना मला."

जोतीराम सोमवारी पहाटेच्या गाडीनं कामावर गेला. जयवंतानं सकाळची झाडलोट केली, शेळ्या सोडल्या आणि ती द्वारकाबाईच्या घरी गेली.

द्वारकाबाई उंबऱ्याशी बसली होती. जयवंता तिच्यापुढं जमिनीवर बसली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. काही राखलं नाही. पाणी कुणाला टोचलं, सरकारी लस का माघारी गेली, आणि आपल्या शेळ्यांना लाल बिल्ले कसे आले, सगळं. 

द्वारकाबाईनं सगळं ऐकलं.

"तुझ्या लाल व्हत्या," ती म्हणाली. "समद्या."

"व्हय."

"आन मला त्यानं पाणी टोचलं."

"व्हय, आत्या. मला ठावं न्हवतं. आईशप्पत ठावं न्हवतं."

"ठावं न्हवतं," द्वारकाबाई म्हणाली. तिनं ते मानलं की नुसतं तोंडात घोळवलं, हे जयवंताला कळलं नाही. मग द्वारकाबाईनं विचारलं, "आन आता कशापायी सांगितलंस?"

"तुमी सोताला दोष दीत व्हता. गवताला दीत व्हता."

"त्ये बरं व्हतं गं," द्वारकाबाई म्हणाली. "गवतावर रुसलं तर कुणाशी तुटत न्हाय."

जयवंतानं आपल्या दोन शेळ्या घ्या म्हणून विनवलं. द्वारकाबाई उठून आत गेली.

दोन दिवसांत सगळ्या वस्तीला कळलं. जोतीराम म्हणाला होता तसंच झालं. कुणी भांडायला आलं नाही. आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. बाया समोर दिसल्या की बोलायच्या, पाऊसपाण्याचं, पोराबाळांचं. शेळीचं कुणी बोलायचं नाही. कुणाची शेळी आजारी पडली तर लोक परस्पर मोरगावला न्यायचे, नाहीतर बारामतीवरून फिरत्या दवाखान्याची गाडी बोलवायचे. संशोधन केंद्राला तिनं तीनदा फोन लावला. पहिल्यांदा तिथल्या बाईनं नाव विचारून घेतलं. नंतर कुणी उचललाच नाही. शेवटी जयवंतानं आपल्या शेळ्यांच्या कानांतले बिल्ले चिमट्यानं कापून काढले. भोकं राहिली.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी पलीकडच्या अंगणातून शेळीचं ओरडणं ऐकू आलं. जयवंता भाकरी थापत होती. अडलेल्या शेळीचं ओरडणं वेगळं असतं, लांब आणि शेवटी फाटणारं. तिनं तवा उतरवला आणि कान देऊन उभी राहिली. द्वारकाबाई फोनवर कुणाला तरी विनवत होती, "गाडी पलीकडं गेलीया म्हंता, मग म्या काय करू?"

जयवंता पिशवी घेऊन निघाली. द्वारकाबाईच्या काट्याच्या कुंपणाशी येऊन थांबली. पाट आडवी पडली होती, करडाचं तोंड आणि एकच पाय बाहेर आला होता. द्वारकाबाईनं वर बघितलं. ये म्हणाली नाही. जा म्हणाली नाही. नुसती पाटीच्या डोक्याकडं सरकली आणि तिनं मान धरली.

जयवंतानं हाताला तेल चोळलं. कळ ओसरली तसं करडू अलगद मागं सारलं, आत दुमडलेला पाय बोटांनी चाचपला, खूर तळहातात झाकून सरळ करून आणला. पुढच्या कळेला ते सरकन बाहेर आलं. हालचाल नव्हती. तिनं नाकातला चिकटा पुसला, मागचे पाय धरून त्याला उलटं केलं, गवताच्या काडीनं नाकपुडी गुदगुल्या केल्यासारखी डिवचली. करडू शिंकलं. द्वारकाबाईच्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज आला, आणि लगेच तिनं ओठ मिटले.

नाळेला औषध लावून होईपर्यंत पाट करडाला चाटायला लागली होती. जयवंता बाजूला झाली. कोपरापर्यंत तिचे हात रक्तानं, पाण्यानं भरले होते. अशा वेळी घरचं माणूस हातावर पाणी घालतं, ही रीतच.

द्वारकाबाई आतून तांब्या घेऊन आली. तिनं तो जयवंतापासून चार हातांवर, दगडावर ठेवला, आणि पाठ फिरवून करडापाशी जाऊन बसली.

जयवंतानं तांब्या पायाच्या आधारानं कलता केला. आधी एक हात धुतला, मग दुसरा. पदराला हात पुसले, तांब्या पालथा घालून दगडावर ठेवला, आणि कुंपणाच्या वाटेवरची काटेरी फांदी मागं नीट लावून ती घरी गेली.