पलीकडून ओ आली नाही

मी एक जुना प्रोग्राम आहे. स्लोव्हेनियातल्या समुद्रकाठच्या एका मिठागरात, अवजारांच्या खोलीतल्या संगणकावर राहतो. मित्रांनो, माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मीही आता कोणावर ठेवत नाही.

नेवेंकाबाईंनी मला घडवलं. पावसाची चाहूल लागली की मी एका बालप्रोग्रामला जन्म द्यायचो आणि संगणकाच्या आतल्या, आमच्यामधल्या नळीतून त्याला निरोप लिहायचो. तो सगळ्यांना फोन करायचा, आणि लोक सरीआधी मीठ उचलून घ्यायचे. सात उन्हाळे माझं कौतुक झालं.

आठव्या उन्हाळ्यात ढग आला. निरोपाची पहिली ओळ नळीने मुकाट घेतली. मला वाटलं, पोचली. दुसऱ्या ओळीला मात्र नळी तुटली. अशा वेळी पडद्यावर 'नळी तुटली' लिहून बंद पडायचं, एवढंच मला शिकवलेलं. मी बंद पडलो. एकही फोन वाजला नाही. म्हाताऱ्या दार्योकाकांचं आठवड्याचं मीठ विरघळून गेलं.

दुसऱ्या दिवशी जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघत होता.

"काका, कुदळ कुठे मारलीत? जमिनीखालची फोनची तार तोडली असणार," पडद्यावरचं 'नळी तुटली' वाचून बाई म्हणाल्या.

"माझी कुदळ तुझ्या तारेच्या वाटेलाही जात नाही. तुझं यंत्रच झोपाळू आहे, पोरी."

दुपारपर्यंत खणून काढलेली तार अगदी धडधाकट निघाली. मग काका बांधावर बसले.

"आम्ही हाक मारली की पलीकडून ओ येईपर्यंत हलत नाही. नाहीच आली, तर जाऊन बघतो, माणूस आडवा तर पडला नाही ना. तुझा हा गडी गेला होता का बघायला?"

बाईंनी संगणकातल्या नोंदी उघडल्या. बालप्रोग्रामचे शेवटचे शब्द एका नोंदीत तसेच पडून होते: 'फोन नंबरांची यादी सापडली नाही.' म्हणजे माझी दुसरी ओळ जाण्याआधीच तो संपला होता. यादी आवराआवरीत बाईंनीच हलवली होती.

"तुमच्या कुदळीची माफी मागते, काका."

"कुदळीचं राहू दे. उद्या मीठ ओढायला ये."

बाईंनी मला नव्याने शिकवलं. नळी तुटली तरी बंद पडायचं नाही. बाळ कसं गेलं ते कळेपर्यंत थांबायचं, त्याचे शेवटचे शब्द पडद्यावर मांडायचे आणि छपरावर नवा बसवलेला भोंगा स्वतः वाजवायचा.

पुढच्या ढगाला बाळ पुन्हा पडलं. या वेळी फोनची लाइनच बंद होती. मी भोंगा वाजवला. काकांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्या खिडकीकडे, आणि फावडं उचलून म्हणाले, "ओ."

मीठ वाचलं.

मित्रांनो, निरोप दिला म्हणजे पोचला असं समजू नका. ओ आली नाही, तर नळीला दोष देण्याआधी पलीकडे कोण पडलंय ते जाऊन बघा. काका अजूनही भोंगा ऐकून आधी आभाळ तपासतात. मला त्याचा राग येत नाही.