दोन शेजारी

तात्यांच्या दुकानाची वेबसाइट काढून पाच महिने झाले होते आणि दिवसाला तिच्यावर सरासरी सात माणसं येत होती. त्यांतली दोन म्हणजे सूनबाई स्वतः, एकदा फोनवरून आणि एकदा कॉम्प्युटरवरून. तिसरी तिची नणंद. भावाच्या घरात काय शिजतंय हे बघायची संधी ती कधी सोडत नसे. उरलेली चार कोण, ते देवालाच ठाऊक.

तात्या कुलूपवाले. किल्ल्या करायच्या, कुलपं बसवायची, अडकलेली दारं उघडून द्यायची, हे चाळीस वर्षं चाललेलं. पण हल्ली लोक आकड्यांची नाहीतर बोटाच्या ठशाची कुलपं परस्पर मागवू लागले होते आणि दुकानात माश्या मारायची वेळ आली होती. सूनबाईने नोकरी सोडताना नवऱ्याला ठणकावलं होतं, "मला सहा महिने दे. नाही जमलं तर मी गुमान ऑफिसात जाईन, आणि दुकान बंद करा हे तात्यांना तू सांग." रागाच्या भरात बोलून गेली खरी, पण आता हातात एकच महिना उरला होता.

आणि तिचा सासऱ्यांवर जीव होता. बाप लहानपणीच गेला, तेव्हा बापाची माया तिला मिळाली ती थेट लग्नानंतर. तिने घासलेली पहिली किल्ली साफ बिघडली होती, ती तात्यांनी दुकानात खिळ्याला टांगून ठेवली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होते. संध्याकाळी शटर ओढलं, कुलूप लावलं की तात्यांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायचं, "घ्या मालकीणबाई." हे रोजचं.

एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी सगळे जमले. विषय एकच, वेबसाइटवर माणसं आणायची कशी.

"जुन्या किल्ल्यांच्या माळा करून विकू," नवरा म्हणाला. "फॅशन आहे म्हणे."

"गळ्यात घालणार कोण?"

"तू घाल. फोटो काढू."

"त्यापेक्षा तात्यांचा क्लास काढा," नणंद म्हणाली. "ऑनलाइन. घरबसल्या कुलूप शिका."

"शिकून करणार काय लोक?" तात्यांनी विचारलं.

सूनबाईने मग आपली वही उघडली. "लोक काय शोधतात ते मी बघितलंय. चांगलं कुलूप कुठलं, हे कुणी शोधत नाही. किल्ली हरवली, दार कसं उघडू, हे शोधतात. रोज हजारो लोक. तात्या, व्हिडिओत तुमचे नुसते हात दाखवायचे. दहा मिनिटांत दार उघडलं की खाली आपल्या दुकानाचं नाव."

नणंद फिस्सकन हसली. "म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या की गं वहिनी!"

सगळे हसले. तात्याही हसले, पण त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी कुणाचंही दार उघडतो ना, तेव्हा दोन शेजारी उभे करतो. घर ह्याचंच आहे, असं त्यांनी तोंडाने म्हटल्याशिवाय हत्याराला हात लावत नाही. एकदा एका पोलिसालाही तासभर जिन्यात बसवलं होतं, शेजारी बाहेरून येईस्तोवर."

"अहो, पण इंटरनेटवर मी शेजारी कुठून आणू?"

"तेच म्हणतोय मी. कुठून आणशील?"

डोळ्यांत पाणी येईल की काय अशी तिला भीती वाटली, म्हणून वहीत उगाच रेघा ओढत बसली. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. या माणसाने पोलिसाला जुमानलं नव्हतं, पण सुनेचा पडलेला चेहरा त्याला बघवला नाही.

"एवढं मनात आहे तुझ्या, तर घे काढून," ते म्हणाले. "साधी कुलपं दाखवू फक्त."

तात्यांचे हात लोकांना आवडले. उजवा अंगठा तरुणपणी मोडून वाकडाच जुळलेला, पण चाल अशी हलकी, की बघत राहावं. पहिल्या आठवड्यात चारशे माणसं आली, दुसऱ्यात नऊ हजार. मग आकडा इतका चढला, की सूनबाई सकाळी दात घासण्याआधी फोन बघू लागली. दुकानाची चौकशी करणारे फोन येऊ लागले. नवऱ्याने "मानलं तुला" असं दोनदा म्हटलं, आणि तो माणूस तसा कौतुकाच्या बाबतीत चिक्कू.

वेबसाइट वाढवायची तर व्हिडिओखाली आलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. तिने ते व्रत घेतल्यासारखं पाळलं. कुणाची तिजोरी अडकली, कुणाची किल्ली कुलपात मोडली, ती बसून एकेकाला लिहायची. त्यातच एक प्रश्न आला. 'दाराला वरचं कुलूप उलटं बसवलंय. किल्ली विरुद्ध बाजूला फिरते. जोर लावला की आणखी घट्ट होतं. माझंच घर आहे. काय करू?'

तिला येईना. दुसऱ्या दिवशी दुकानात चहा पिताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तात्या, उलटं बसवलेलं कुलूप किल्लीशिवाय उघडतं का हो?"

तात्यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "शिकतेस होय?"

इथे ती खरं सांगू शकली असती. एक माणूस विचारतोय, एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद तिला मोडवेना, आणि उत्तरही हवं होतं. "हो," ती म्हणाली.

तात्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढून सगळं समजावलं. आतला जादा खटका कुठे, तो कसा सोडवायचा, कान कुठे लावायचा. "हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या नवऱ्यालासुद्धा नाही," ते म्हणाले. तो कपटा तिने घडी करून पर्समध्ये ठेवला. उलटी कुलपं काय जगात एकटे तात्याच बसवतात, असं मनाशी म्हणत तिने घरी जाऊन उत्तर लिहिलं. चांगलं सविस्तर लिहिलं.

चार दिवसांनी, बुधवारी सकाळी, त्याचा निरोप आला. तिने तो वाचला, त्यावर लाल बदाम उमटवला आणि तात्यांपुढे फोन धरला. "बघा, तुमच्यामुळे एकाचं काम झालं."

तात्यांनी चष्मा लावून वाचलं. 'वरचं उघडलं. धन्यवाद. खालचं मी बघतो.' मग त्यांनी बोटाने पडदा वर सरकवून प्रश्न वाचला, उत्तर वाचलं. वाचताना त्यांचे ओठ हलत होते.

"हे तू लिहिलंस?"

"तुम्हीच तर सांगितलंत."

"तुला सांगितलं," तात्या म्हणाले. "अगं, तसं कुलूप मी जन्मात एकाच दाराला बसवलंय. खटकासुद्धा मीच घडवलेला, तिच्यासाठी."

ती म्हणजे कपडे शिवणारी बाई. दोन महिन्यांपूर्वी दुकानात आली होती, सूनबाईलाही ती आठवली. बाजारामागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिने एकटीने खोली घेतली होती. नवऱ्याचं घर सोडून आली होती. हाताला पट्टी होती. 'माझा नवरा हाताने फार हुशार आहे,' असं तिने सांगितलं होतं. 'त्याला उघडता येणार नाही असं काहीतरी द्या.'

तात्यांनी फळीवरचं सगळ्यात जड कुलूप उचललं, हत्यारांची पिशवी घेतली आणि चपला घालायचं विसरून तसेच निघाले. तिने मागून चपला नेऊन त्यांच्या पायांशी टाकल्या. तीन जिने ते गुडघ्यावर हात दाबत चढले. दर पायरीला सूनबाई देवाकडे एकच गोष्ट मागत होती, ती बाई जिवंत असू दे.

वर पोचले तर समोरासमोरची दोन्ही दारं धाडकन उघडली. एका दारात लाटणं घेतलेली म्हातारी, दुसऱ्यात नोकरीतून निवृत्त दिसणारे एक आजोबा.

"कोण पाहिजे?" आजोबांनी दरडावलं.

"मी कुलूपवाला. ह्या बाईंचं दार मीच—"

"काल दुपारी पण एक आला होता," म्हातारी म्हणाली. "हत्यारं घेऊन. वरचं कुलूप काढून खालच्याला लागला होता मेला. माझंच घर आहे म्हणाला. आम्ही दोघं बाहेर आलो, म्हटलं, तुझं नाही. तिचं आहे. तेव्हा गेला."

तात्यांनी भिंतीला हात टेकला. सूनबाईला त्यांच्या तोंडाकडे बघायचा धीर झाला नाही.

मधलं दार साखळीएवढं उघडलं. शिवणाऱ्या बाईने आधी तात्यांना पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "दादा, तुम्ही म्हणाला होतात, हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत असेल."

"माझ्याच तोंडून गेलं," तात्या म्हणाले.

"नाही," सूनबाई म्हणाली. तिला आपला आवाज परका वाटला. "तात्यांना ठाऊक नव्हतं. त्याने इंटरनेटवर विचारलं, मी लिहून दिलं. मी विचारलंसुद्धा नाही, कोण आहे म्हणून. ते सगळं छापून देते तुम्हाला, तारखेसकट. पोलिसांना दाखवा."

बाईने साखळी काढली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "तेवढं द्या," ती शेवटी म्हणाली.

तात्यांनी पिशवी खाली ठेवली. "आधी हे बसवतो. पंधरा मिनिटांचं काम आहे."

"कुलूप ठेवून जा, दादा. बसवायला मी दुसऱ्याला बोलावलंय."

तिने ते रागाने म्हटलं नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. तात्यांनी कुलपाचं खोकं उंबऱ्याशी ठेवलं. वाकलेले ते लगेच सरळ झाले नाहीत. चाळीस वर्षांत त्यांना दारावरून असं कुणी परत पाठवलं नव्हतं.

दुकानात येऊन तिने सगळं छापून काढलं आणि मग व्हिडिओचं ते पान पुसून टाकलं. पुसल्यावर तिने नुसतं शोधून पाहिलं. तात्यांचं ते पान दुसऱ्या सहा ठिकाणी जसंच्या तसं उचललेलं होतं, तिच्या उत्तरासकट. सहाही ठिकाणी तोच वाकडा अंगठा कुलूप उघडत होता. तिने सहाही जणांना काढून टाका म्हणून लिहिलं. एकानेच उत्तर दिलं, आणि तेही हसरं तोंड पाठवून.

"तात्या, माझं चुकलं," ती म्हणाली. "मी शिकतेय म्हणून खोटं बोलले."

"ते कळलं मला," तात्या म्हणाले.

दिवसभर गिऱ्हाइकांचे फोन वाजत राहिले, ते तिनेच घेतले. संध्याकाळी त्यांनी शटर ओढलं, कुलूप लावलं. तिने सवयीने हात पुढे केला. तात्यांनी त्या हाताकडे पाहिलं, किल्ली आपल्या खिशात टाकली आणि तिच्या पुढे चालू लागले.